वसंतातली गरी: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून आलेले वाचकांचे प्रश्न

मार्च-एप्रिल आला की कॅलिफोर्नियातून माशांचे प्रश्न यायला लागतात आणि त्याला कारण आहे, एकतर तिथला पाऊस सरलेला असतो, आणि दुसरं म्हणजे भारतातून आईबाबा याच दिवसांत मुलांकडे येतात, त्यातले कोकणातले बाबा समुद्र दिसला की गप्प बसत नाहीत, त्यांना गरी टाकायचीच असते. मी वेंगुर्ल्याची, बरीच वर्षं बे एरियात राहते, दर वसंतात किनाऱ्यावर असते, त्यामुळे या वेळचं सगळं सदर यालाच दिलंय. एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे. वसंतात इथे मासा किनाऱ्याला लागतो तो बरेचदा पिल्लं घालायला नाहीतर अंडी द्यायला. म्हणून तो सहज मिळतो, आणि म्हणूनच काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे गरी पाण्यात जायच्या आधी माहीत असायला हवं. खाली जे आकडे दिलेत ते बदलू शकतात, कॅलिफोर्नियाचं फिश अँड वाइल्डलाइफ खातं अधेमधेही नियम बदलतं, तेव्हा घरातून निघायच्या दिवशी त्यांची साइट उघडून बघाच.

ताई, बाबा देवगडहून सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांना गरवायला जायचंय पण व्हिजिटर व्हिसावर लायसन्स मिळतं का? आणि नाही काढलं तर चालतं का? (फ्रीमाँट)

मिळतं. व्हिसाचा काही संबंध नाही, फक्त ते नॉनरेसिडेंट म्हणून काढावं लागतं, आणि एक दिवसाचं, दोन दिवसांचं, दहा दिवसांचं असं छोटं लायसन्सही असतं, त्यामुळे वर्षाचे पैसे भरायची गरज नाही. १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ते लागतं, म्हणजे बाबा रॉड धरणार आणि तुम्ही दुसरा रॉड धरणार तर दोघांनाही. एक सवलत आहे आणि ती तुमच्या खूप कामाची आहे, समुद्रातल्या किंवा खाडीतल्या पब्लिक पिअरवरून, म्हणजे पाण्यात गेलेल्या सार्वजनिक धक्क्यावरून, गरवत असाल तर लायसन्स लागत नाही. पिअरवर एका माणसाला दोनच रॉड. पण पिअर उतरून बाजूच्या खडकावर किंवा वाळूत पाय ठेवून गरी टाकली की लायसन्स लागलंच, तिथे "आत्ताच तर पिअरवर होतो" म्हणून भागत नाही.

तुमच्या बाजूने सॅन फ्रान्सिस्को खाडीतले पिअर सोयीचे, ऑयस्टर पॉइंट आहे, थोडं लांब जायची तयारी असेल तर पॉइंट पिनोल आहे. वारा कमी, बसायला जागा, बाबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर हेच बरं. इथे एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन पाब्लो या दोन खाड्यांमध्ये १ एप्रिल ते ३१ जुलै सर्फपर्च, म्हणजे किनाऱ्याला फिरणारे चपटे मासे, घ्यायला बंदी असते, फक्त शायनर नावाचा छोटा पर्च सोडून. का, तर त्यांच्या माद्या त्याच महिन्यांत पिल्लं घालायला खाडीत येतात. बाबांना हे सांगितलंत तर ते लगेच समजतील, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात त्यामागचा विचार हाच. पर्च लागला तर हात ओला करून गरी काढायची आणि सोडून द्यायचा. घ्यायला जॅकस्मेल्ट आहेत, नशीब असेल तर हॅलिबट लागतो, तो मात्र २२ इंचांचा तरी हवा, टेप घेऊन जा.

नवीन रॉड घेतलाय, यूट्यूब बघून बघून डोकं गरगरायला लागलंय. एप्रिलमध्ये बीचवरून नेमकं काय मिळतं आणि सुरुवात कुठून करू? (सनीवेल)

सुरुवात बार्ड सर्फपर्चपासून करा, अंगावर उभे सोनेरी-तपकिरी पट्टे असतात, तळहातापेक्षा थोडा मोठा चपटा मासा, लाटा फुटतात तिथेच फिरतो त्यामुळे लांब फेकायची ताकद लागत नाही. मॉन्टरे बेच्या बाजूला मॅनरेसा, सनसेट हे स्टेट बीच आहेत, लांबलचक वाळू, तिथे जा.

सामान कमी ठेवा. आठ-नऊ फुटांचा हलका रॉड, आठ ते बारा पाउंडांची लाईन, त्यात आधी ओवायचं भोकाचं शिसं, पाऊण ते एक औंसाचं, मग एक मणी, मग स्विव्हल म्हणजे फिरती कडी, मग दीड-दोन फूट फ्लुरोकार्बनची पारदर्शक लाईन आणि टोकाला चार किंवा सहा नंबरची छोटी गरी. याला कॅरोलिना रिग म्हणतात पण बाबा-काकांच्या पिढीतल्या कुठल्याही कोकणी माणसाला दाखवा, तो बघताक्षणी सांगेल की शिसं लाईनवर सरकतं ठेवलंय म्हणजे माशाने ओढलं तर त्याला वजन जाणवू नये म्हणून. आमिषाला बर्कलीचे गल्प मिळतात, रबरी किड्यासारखे, ते चालतात आणि चांगले चालतात. पण खरं आमिष तुमच्या पायाखाली असतं.

लाट परत जाताना ओल्या वाळूकडे बघत उभे राहा, घाई करू नका. पाणी ओसरताना एखाद्या पट्ट्यात छोट्या छोट्या व्ही आकाराच्या रेघा उठतात, शेकडो, आणि दोन सेकंदांत मिटतात. त्या सँडक्रॅबच्या मिशा, वाळूत पुरून घेऊन फक्त मिशा बाहेर काढून तो पाण्यातलं खाणं गाळत असतो. तिथे लगेच दोन्ही हात खुपसून वाळू उचला, अंगठ्याच्या पेराएवढे राखाडी अंड्यासारखे जीव हातात वळवळतील, चावत नाहीत, मुलांना फार आवडतं हे. त्यातला नुकतीच कात टाकलेला, दाबला तर मऊ लागणारा निवडायचा, पर्चला तोच हवा असतो. पोटाखाली नारिंगी अंडी दिसली तर ती मादी, ती परत वाळूत सोडा, बाकीच्यांत काम भागतं. हातानेच काढायचे, दिवसाला पन्नासची मर्यादा आहे, आणि हेही लायसन्सवरच.

आता जागा. बहुतेक नवीन लोक भरतीला येतात, सगळीकडे सारखंच पाणी दिसतं, मग कुठेही फेकतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी पहाटे ओहोटीला एक चक्कर मारा आणि वाळूत खोलगट चर, खड्डे कुठे आहेत ते बघून ठेवा, मागे एखादा पार्किंगचा खांब किंवा झाड लक्षात ठेवा. भरती चढायला लागली की पर्च त्याच चरांतून आत येतात, कारण लाट तिथेच सँडक्रॅब उकरून काढते. भरतीच्या आधीचे दोन तास सगळ्यात चांगले. इथे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, एक मोठी एक लहान, त्यामुळे टाइडचा तक्ता बघताना वेळेबरोबर उंचीही बघायची.

आणि सकाळीच जा. वसंतात इथे दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि तो असा की रॉड धरवत नाही. त्याच वाऱ्याने वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं, त्याच्या जागी खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं, त्यावर प्लँक्टन वाढतं, प्लँक्टनवर सँडक्रॅब आणि अँचोव्ही, त्यांच्यावर बाकी सगळे. या किनाऱ्याची सगळी श्रीमंती त्या बोचऱ्या वाऱ्याची आहे. फक्त पाणी एप्रिल-मेमध्ये १०-१२ अंश सेल्सियस असतं, आपल्या समुद्राच्या सवयीने चड्डीवर आत शिराल तर पाच मिनिटांत पाय बधिर होतील.

खाडीबाहेर सर्फपर्च सगळे मिळून वीस आणि एका जातीचे दहापेक्षा जास्त नाही. उत्तरेकडे रेडटेल नावाचा भाऊ मिळतो, त्याला साडेदहा इंचांची अट आहे. दहा घेता येतात म्हणून दहा घ्यायलाच हवेत असं नाही, चार माणसांना चार-पाच मासे भरपूर होतात. मांस पांढरं, सौम्य, पापलेटची आठवण येईल असं पण पातळ, त्यामुळे तिरफळ-बिरफळ नको, हळद, मीठ, आगळ, थोडं तिखट आणि वरून तांदळाचं पीठ-रवा, तव्यावर दोन्हीकडून जेमतेम तीन-तीन मिनिटं.

माझ्या मुलाने तिकडून व्हिडिओ पाठवला, मासा बाहेर काढल्यावर त्याच्या पोटातून जिवंत पिल्लं बाहेर पडत होती. मी आयुष्यभर मासे बघतोय, खवल्यांचा मासा असा पिल्लं घालताना बघितला नाही. हे काय आहे? (मालवण)

काका, तुम्ही मुशी बघितली असेल, तिच्या पोटात पिल्लं असतात हे आपल्याकडे बाजारात कापतानाही दिसतं. पण खवल्यांच्या माशांमध्ये तुमचं म्हणणं बरोबर आहे, आपल्या किनाऱ्यावर बांगडा काय, सुरमई काय, सगळे अंडीच सोडतात. सर्फपर्च मात्र पिल्लं घालतो. नर-मादीचं मीलन आधीच होतं, पिल्लं आईच्या पोटात चारपाच महिने वाढतात, तिच्याकडूनच अन्न घेतात, आणि मार्च ते जुलैच्या दरम्यान बाहेर येतात ती अगदी तयार, दोनेक इंचांची, आईसारखीच पट्टे असलेली, आणि लगेच पोहायला लागतात. बार्ड पर्चची एक मादी सरासरी तीसेक पिल्लं घालते, लहान मादी चारपाचच, मोठी मादी शंभराच्या वरही.

तुमच्यासारखाच धक्का १८५२ मध्ये ए. सी. जॅक्सन नावाच्या एका माणसाला बसला होता, सॉसालिटोला गरवत असताना त्याच्या माशाच्या पोटात जिवंत पिल्लं निघाली. त्याने ते हार्वर्डच्या लुई अगासी या शास्त्रज्ञाला कळवलं, अगासींनी आधी विश्वासच ठेवायचा की नाही असा विचार केला असेल असं मला वाटतं, पण १८५३ मध्ये त्यांनी त्या माशाचं वर्णन छापलं आणि शास्त्रीय नावात जॅक्सनचं नाव घातलं, एम्बिओटोका जॅक्सनी. ब्लॅक पर्च म्हणतात तो हा.

आता तुमच्या मुलाला माझा एक निरोप द्या. वसंतात लागणारे मोठे, पोट फुगलेले पर्च जवळजवळ सगळ्या माद्याच असतात. दाबाने, घाबरून, त्या हातातच पिल्लं टाकतात, व्हिडिओत जे दिसलं ते तेच. कायद्याने त्या घ्यायला खाडीबाहेर बंदी नाही. मी घेत नाही. मोठी मादी एका वेळी पन्नास-शंभर पिल्लं देणार असते आणि तिच्या जागी दोन मध्यम मासे घेऊन आपलं जेवण तेवढंच होतं. वाळूवर ठेवायची नाही, फोटो काढायचाच असेल तर पाण्याजवळ, ओल्या हाताने, पटकन. पिल्लं बाहेर पडलीच तर त्यांनाही पाण्यात सोडा, पूर्ण वाढलेली असतील तर जगतात.

इथे मित्र म्हणतात पौर्णिमेच्या रात्री बीचवर मासे स्वतःहून वाळूत येतात आणि हाताने उचलायचे. थट्टा करतात की खरं आहे? (सॅन डिएगो)

अगदी खरं आहे. याला ग्रुनियन म्हणतात, पाच-सहा इंचांचा चंदेरी मासा, दक्षिण कॅलिफोर्नियात मार्च ते ऑगस्ट. पौर्णिमा आणि अमावास्येनंतरच्या तीन-चार रात्री, भरती पूर्ण चढून पाणी उतरायला लागलं की ते लाटेबरोबर वाळूवर येतात. मादी शेपटी वाळूत फिरवून फिरवून उभीच्या उभी अर्धी पुरली जाते, दोन-तीन नर तिच्याभोवती वेटोळं घालतात, आणि पुढच्या लाटेने सगळे परत. अर्ध्या मिनिटाचं काम. अंडी ओल्या वाळूत राहतात, उधाण ओसरत गेलेलं असतं त्यामुळे पुढचे दिवस पाणी तिथपर्यंत पोचत नाही, आणि दहा-बारा दिवसांनी पुढच्या उधाणाची लाट येऊन त्यांना हलवते तेव्हाच ती फुटतात. लाट आली नाही तर पिल्लू आत तयार होऊन थांबून राहतं. आपल्या आज्ज्या तिथीवरून भरतीचा अंदाज बांधायच्या, हा मासा सबंध आयुष्य त्यावर काढतो.

पण उचलायचं म्हणाल तर एप्रिल, मे, जून पूर्ण बंद. आधी एप्रिल-मेच बंद होता, २०२२ पासून जूनही धरला आणि दिवसाला तीसची मर्यादा घातली, कारण मासे कमी दिसायला लागले. मार्चमध्ये आणि जुलै-ऑगस्टमध्ये घेता येतात, फक्त हाताने, जाळं नाही, डबा नाही, वाळूत खड्डा करून अडवायचं नाही, आणि १६ पूर्ण असतील तर लायसन्स. तुम्ही एप्रिलमध्ये मुलांना घेऊन बघायलाच जा. टॉर्च बंद ठेवा, लाल कागद लावलेला चालेल, बोलणं हळू, आणि पहिले दोन-चार मासे आले म्हणून धावू नका, ते गेले की मागचा थवा येत नाही. कधी काहीच येत नाही, त्यालाही तयार राहा, पुढच्या रात्री परत जा.

ओहोटीला खडकांवर शिनाणे इतके चिकटलेले असतात की टोपली भरून होतील. लायसन्स आहे. मे महिन्यात काढले तर? (सॅन रामोन)

नको. एकदम स्पष्ट नको. १ मे ते ३१ ऑक्टोबर पूर्ण किनाऱ्यावर स्वतः काढलेले मसल्स, म्हणजे आपले शिनाणे, खायला सरकारी मनाई असते, कधीकधी ती मेच्या आधीही लागू होते. उबदार महिन्यांत काही सूक्ष्म शेवाळं वाढतात, त्यांचं विष मसल गाळून अंगात साठवतो. त्याला काही होत नाही, आपल्याला होतं. सॅक्सिटॉक्सिन म्हणतात त्याने आधी ओठ-जीभ-बोटं झिणझिणतात, मग हातपाय जड होतात, आणि जास्त झालं तर श्वास थांबतो. दुसरं डोमोइक ॲसिड, ते मेंदूवर जातं. आणि ज्या घरात "नीट शिजवलं की काय होत नाही" हे म्हणतात त्या सगळ्या घरांना सांगते, शिजवून, वाफवून, व्हिनेगर-आगळात बुडवून, फ्रीझ करून हे विष जात नाही. चवही बदलत नाही, वासही येत नाही, पाणी लाल दिसायला हवं असंही नाही. चुकून खाल्लं आणि तोंडाभोवती मुंग्या आल्या तर थांबायचं नाही, ९११.

हिवाळ्यात परवानगी असते, दिवसाला दहा पाउंड, तेव्हाही आधी आरोग्य खात्याची सूचना बघूनच. मधल्या काळात शिंपल्यांच्या सुक्याची तलफ आलीच तर शेतीतली तपासलेली मिळतात, टोमालेस बेमध्ये कालवांची शेती आहे, तिथे विकत घ्या. आणि खडकावर ॲबलोनी दिसला, मोठी कानासारखी शिंपली, तर हात लावू नका, तो २०१८ पासून बंद आहे, समुद्र तापला, केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाचं जंगल गेलं, त्याबरोबर ॲबलोनी उपाशी मेले.

खडकांवरून गरवताना मोठा, डोक्याने बेढब मासा मिळाला, खवलेच नाहीत, मांस निळसर. आत मोठी गाबोळी आहे. फ्रीजमध्ये ठेवलीये, सासूबाई तळायच्या तयारीत आहेत. खाऊ ना? (सॅन होजे)

हे पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर दिलंय, पण बाकीच्यांसाठी इथे परत. ती गाबोळी फेकून द्या. मांस खा, गाबोळी नाही. वर्णनावरून हा कॅबेझॉन आहे, खवले नाहीत, डोळ्यांच्या वर आणि नाकाडावर कातडीचे झालरीसारखे तुकडे असतात. याची अंडी विषारी असतात, उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. कार्ल हब्ज या मोठ्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये यावर लेखच लिहिला होता. खडकावर अंडी उघडी पडली तरी पक्षी-प्राणी त्यांना तोंड लावत नाहीत. आपल्या लोकांना हे मुद्दाम सांगावं लागतं कारण इथले बहुतेक लोक गाबोळी खातच नाहीत, कचऱ्यात टाकतात, त्यामुळे त्यांच्या पुस्तकात ते कुठेतरी बारीक अक्षरात असतं, आणि आपण मात्र आधी पोट उघडून तीच बघतो.

मांसाच्या निळेपणाला घाबरू नका. कॅबेझॉनमध्ये आणि लिंगकॉडमध्येही काही मासे आतून निळे-हिरवे निघतात, पित्तातल्या एका रंगद्रव्यामुळे, तव्यावर पडलं की पांढरं होतं आणि चव छान असते. कॅबेझॉन १५ इंच, लिंगकॉड २२ इंच, त्याखालचा सोडायचा. लिंगकॉडबद्दल अजून एक, हिवाळ्यापासून वसंतापर्यंत त्याचा नर खडकांच्या फटीत अंड्यांवर पहारा देत बसतो, तोंडाजवळ काहीही आलं तरी चावतो म्हणून तेव्हा सहज लागतो. तो उचलला की अंडी बाकीचे मासे साफ करतात. एप्रिलच्या सुरुवातीला उथळ खडकात एकाच फटीतून तडफदार हल्ला करणारा लिंगकॉड लागला तर मी सोडते, तुम्हीही सोडावा असं मला मनापासून वाटतं.

माझा मुलगा दर शनिवारी एकटा समुद्रावर जातो. फोटोत लाटा फार मोठ्या दिसतात. मी इथे ठाण्यात बसून काळजी करते. त्याला काय सांगू? (ठाणे)

काकू, तुमची काळजी योग्य आहे आणि त्याला हे उत्तर जसंच्या तसं पाठवा. उत्तर आणि मध्य कॅलिफोर्नियात पंधरा-वीस मिनिटं लाटा एका मापाच्या येतात, माणसाला वाटतं कळला समुद्र, आणि मग एक लाट कोरड्या वाळूवर कितीतरी वर चढून येते. स्नीकर वेव्ह म्हणतात. दर हंगामात त्यात माणसं जातात, त्यात गरवणारे असतातच. लांबून आलेल्या, दोन लाटांत पंधरा सेकंद किंवा जास्त अंतर असलेल्या दिवशी धोका सगळ्यात जास्त, आणि नेमका तोच दिवस दिसायला शांत असतो.

त्याला सांगा की पोचल्यावर पहिली वीस मिनिटं रॉड गाडीतच ठेवायचा आणि नुसतं बघायचं, लाट कुठपर्यंत येते. समुद्राकडे पाठ करायची नाही, गरी बांधायची असेल तर वर येऊन. खडक ओला असेल तर तिथे लाट येऊन गेलीये, तिथे उभं राहायचं नाही. वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायची छातीपर्यंतची विजार, घालत असेल तर कमरेला पट्टा घट्ट, नाहीतर आत पाणी भरतं आणि उठताच येत नाही. फुगणारं लाइफ जॅकेट मिळतं, पट्ट्यासारखं हलकं, ते तुम्ही वाढदिवसाला द्या. उभ्या उताराच्या बीचवर जायचं नाही, कार्मेलजवळचा मोनॅस्टरी बीच तर मुळीच नाही. आणि एकटं नाही. बे एरियात गरवणारी मराठी मुलं भरपूर आहेत, एक जोडीदार मिळेल.

सुनेला सातवा लागलाय. मुलाने खाडीतून मोठा स्ट्राइप्ड बास आणलाय, ताजा आहे. तिला रस्सा देऊ का? (पुण्याहून आलेली सासू, सध्या ओकलंड)

नका देऊ. ताजेपणाचा प्रश्न नाहीये. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या तळाशी पारा आहे, सोन्याच्या शोधाच्या काळात डोंगर धुऊन सोनं काढायला तो वापरला, सॅन होजेजवळच्या न्यू अल्माडेनच्या खाणीतून निघाला, आणि दीडशे वर्षांनंतरही तो चिखलात आहे. लहान माशातून मोठ्या माशात जाता जाता साठत जातो, त्यामुळे मोठा, म्हातारा शिकारी मासा सगळ्यात वाईट. गरोदर बाईने, मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांनी आणि लहान मुलांनी खाडीतला स्ट्राइप्ड बास, शार्क आणि स्टर्जन खायचा नाही असा राज्याचाच सल्ला आहे, पिअरवर पाट्याही लावलेल्या असतात. बाकीच्यांनीही रोज खायची गोष्ट नाही. तिला मासा द्यायचाच असेल तर बाजारातून सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीसारखा, आणा. मस्त सार करा.

मुलाला सांगा की बास १८ इंचांच्या वरचाच आणि दिवसाला दोन. हा मासा इथला नाहीच, १८७९ मध्ये न्यू जर्सीच्या नदीतून सव्वाशेच्या वर छोटे मासे रेल्वेने डब्यांतून आणून मार्टिनेझजवळ सोडले, त्यांची ही सगळी पिलावळ. वसंतात ते अंडी घालायला वर गोड्या पाण्यात, डेल्टाकडे जातात.

थोडक्यात

पाग आणू का, असं तिघांनी विचारलंय. फेकायचं जाळं पॉइंट कन्सेप्शनच्या (सांता बार्बराच्या पश्चिमेचं टोक) उत्तरेलाच चालतं, तेही हेरिंग, अँचोव्ही, स्मेल्ट अशा ठरावीक छोट्या माशांसाठी. शायनर सोडून बाकी पर्चवर पाग टाकलात तर मोठा दंड आहे.

चिंबोऱ्या: डंजनेस क्रॅब खाडीत धरायचा नाही, मागचापुढचा विचारच नको. समुद्रात किमान पावणेसहा इंच, दिवसाला दहा, आणि मध्य किनाऱ्यावर ३० जूनपर्यंत. वसंतात हंपबॅक व्हेल परत येतात तेव्हा दोऱ्यांत अडकू नयेत म्हणून सापळे अनेकदा आधीच बंद होतात, त्या काळात हूप नेट म्हणजे कड्याचं जाळं किंवा रॉडला लावायचा फास वापरता येतो. मला विचाराल तर पिअरवरचा रेड रॉक क्रॅब घ्या, चार इंच, पस्तीसची मर्यादा, कवच दगडासारखं पण नांग्या भरलेल्या, वाटणाच्या रश्शात तो डंजनेसपेक्षा सरस लागतो.

सॅमन: २०२३ आणि २०२४ मध्ये समुद्रातली सॅमनची गरी पूर्ण बंद होती, २०२५ मध्ये मोजके दिवस उघडली. दुष्काळात नद्या आटल्या, पाणी तापलं, पिल्लं समुद्रापर्यंत पोचलीच नाहीत. दरवर्षीचा निर्णय एप्रिलमध्ये होतो, तोपर्यंत बोटीला आगाऊ पैसे देऊ नका.

नकाशा: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १२४ संरक्षित क्षेत्रं आहेत, काहींमध्ये गरी टाकायलाच बंदी आहे, आणि वाळूवर हद्दीची रेघ काढलेली नसते. खात्याच्या साइटवर नकाशा आहे, फोनवर लोकेशन चालू करून उभं राहिलं की आपण आत आहोत की बाहेर ते कळतं. गाडीतून सामान काढायच्या आधी बघा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना माशाचा फोटो पाठवत असाल तर बाजूला टेप ठेवून, पूर्ण मासा दिसेल असा काढा, नुसत्या तोंडाच्या फोटोवरून मला जात सांगता येत नाही.